महाराष्ट्रातल्या मुस्लिम समाजावर संशोधन करायचंय? पहिल्या वर्षात करायची कामं

नवीन संशोधकाची पहिली चूक बहुतेक वेळा प्रबंधाच्या नावातच असते. ‘महाराष्ट्रातील मुस्लिम समाज : एक अभ्यास’ असं नाव नोंदवलं जातं आणि मग पुढची दोन-तीन वर्षं नक्की कोणाचा अभ्यास करायचा हे शोधण्यात जातात. रत्नागिरीच्या खाडीकाठचा कोकणी मुसलमान, मालेगावात यंत्रमाग चालवणारा मोमीन, मिरजेत तंबोऱ्यासाठी भोपळा कापणारा शिकलगार, यावल-रावेरकडचा तडवी, मुंबईच्या भेंडी बाजारातला दाऊदी बोहरा. यांची बोली वेगळी, पोटापाण्याचा उद्योग वेगळा, लग्नं कुठे जुळतात तेही वेगळं. अनेकदा मशिदीही वेगळ्या असतात. एका प्रबंधात हे सगळे मावत नाहीत, आणि बळेच बसवले की कोणाबद्दलच नीट काही सांगता येत नाही.

खाली दिलेला क्रम समाजशास्त्र, इतिहास, राज्यशास्त्र किंवा मराठी विभागात पीएच.डी.ला नाव नोंदवणाऱ्यांसाठी आहे. एम.ए.चा छोटा प्रकल्प असेल तर १, २ आणि ६ एवढे टप्पे पुरतील.

१. विषय लहान करा

मार्गदर्शकाकडे जाण्याआधी तीन गोष्टी एका ओळीत लिहून पाहा : कोण, कुठे, आणि त्यांच्या जगण्यातली कोणती एक बाब. ‘सांगली जिल्ह्यातील मुलाणी कुटुंबांचं बलुतं संपल्यानंतरचं काम’ हा विषय झाला. ‘मुस्लिम समाजाचे प्रश्न’ हा झाला नाही.

‘कोण’ ठरवताना चार पदर तपासा.

जात-बिरादरी : बागवान, तांबोळी, अत्तार, पिंजारी, मणियार, खाटीक, मुलाणी, छप्परबंद, फकीर. महाराष्ट्रात यांपैकी अनेक जाती इतर मागासवर्गाच्या यादीत आहेत. त्यामुळे ‘मुस्लिमांना आरक्षण नाही’ हे वाक्य प्रबंधात सरसकट लिहिलं तर ते चूक ठरतं. उलट बाजूही पाहा. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा आधी, पंजाबकडच्या चार शीख जाती सोडल्या तर, फक्त हिंदूंना होता. १९५६ मध्ये त्यात बाकीचे शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. मुस्लिम आणि ख्रिस्ती आजही त्याबाहेर आहेत. अनुसूचित जमातीला मात्र धर्माची अट नाही. म्हणूनच जळगाव जिल्ह्यातला तडवी भिल्ल मुस्लिमही असतो आणि आदिवासीही. ‘मुस्लिम’ आणि ‘आदिवासी’ असे दोन वेगळे रकाने करून बसलात तर तडवी दोन्हींतून निसटतो.

मजहब (इथे धर्मशास्त्राची शाखा) : कोकणी मुस्लिम बहुतेक शाफई आहेत, बाकी महाराष्ट्रातले सुन्नी बहुतांशी हनफी. मुंबईत खोजा, बोहरा आणि इस्ना अशरी शिया आहेत.

मसलक (पंथातला विचारप्रवाह) : सुन्नींमध्येही बरेलवी, देवबंदी आणि अहले हदीस. हे थेट विचारू नका. प्रश्न बोचतो, आणि बरेच जण ‘आम्ही सुन्नी’ एवढंच सांगून थांबतात. जुम्मा झाल्यावर उभं राहून सलाम पढतात का, घरी फातिहा देतात का, उरुसाला जातात का, हे विचारलं की चित्र आपोआप स्पष्ट होतं.

बोली : घरात मराठी, कोकणी, दखनी, उर्दू की गुजराती. शाळेची भाषा वेगळी असू शकते, ती स्वतंत्र लिहा.

‘जमात’ हा शब्द पहिल्याच आठवड्यात नीट समजून घ्या. कोकणातल्या गावात ‘जमातीची बैठक’ म्हणजे गावातल्या मुस्लिम घरांची बैठक. सदर, सेक्रेटरी, वर्गणी, कब्रस्तानाची देखभाल, लग्नाची परवानगी, सगळं तिथे चालतं. ‘तो जमातीत गेलाय’ म्हणजे तबलीगच्या, धर्मोपदेशाच्या, दौऱ्यावर गेलाय. ‘जमात उभी राहिली’ म्हणजे सामूहिक नमाज सुरू झाली. आणि सरकारी मराठीत जमात म्हणजे आदिवासी. मुलाखतीच्या टंकलेखनात या चारही अर्थांना चार वेगळ्या खुणा द्या, नाहीतर वर्षभराने स्वतःचीच टिपणं उलगडणार नाहीत.

२. आकडे आधी, पण त्यांची मर्यादा ओळखून

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात मुस्लिमांची संख्या १,२९,७१,१५२ होती, म्हणजे लोकसंख्येच्या ११.५४ टक्के. त्यातले दहापैकी सातजण शहरांत राहतात. त्यानंतरचे जनगणनेचे आकडे अजून उपलब्ध नाहीत. २०२१ ची जनगणना लांबली आणि नव्या जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ ठरला आहे. त्यामुळे ‘सध्या’ हा शब्द वापरू नका, ‘२०११ च्या जनगणनेनुसार’ असंच लिहा.

सी-०१ हा तक्ता उतरवून घ्या. धर्मानुसार लोकसंख्या त्यात जिल्हा, तालुका आणि शहर या पातळ्यांवर मिळते. गावपातळीवर धर्म मिळत नाही, म्हणून गावाचा अभ्यास असेल तर घरयादी स्वतः करावी लागते. मातृभाषेचा तक्ता सी-१६. हे दोन तक्ते वेगवेगळे आहेत. घरी मराठी बोलणारे मुस्लिम किती, हे त्यांची बेरीज-वजाबाकी करून काढता येत नाही. तसा प्रयत्न करू नका. मौखिक परीक्षेत पहिला प्रश्न तिथेच येतो. शिया-सुन्नी किंवा मुस्लिम जाती यांचेही आकडे या तक्त्यांत नाहीत.

शिक्षण आणि रोजगारासाठी राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण आणि श्रमबल सर्वेक्षण यांची मूळ माहिती नोंदणी केल्यावर मोफत मिळते. तिच्यात धर्माचा रकाना आहे. सापळा नमुन्याच्या आकारात आहे. राज्यपातळीवर मुस्लिम कुटुंबांचा आकडा पुरेसा असतो, पण एका जिल्ह्यातली फक्त मुस्लिम कुटुंबं वेगळी काढली की हातात मोजकी घरं उरतात आणि टक्केवारीला अर्थ राहत नाही. अशा वेळी राज्याचा आकडा पार्श्वभूमी म्हणून द्या आणि जिल्ह्यासाठी स्वतःची पाहणी करा.

मुस्लिमांच्या स्थितीवरचा केंद्राच्या सच्चर समितीचा अहवाल (२००६) आणि राज्याने नेमलेल्या महमूदुर रहमान समितीचा अहवाल (२०१३) मुळातून वाचा, वर्तमानपत्रातल्या सारांशावर विसंबू नका. उद्धृत करताना तक्त्याचा क्रमांक द्या. त्यामागची आकडेवारी कोणत्या वर्षाची आहे तेही लिहा, कारण अहवालाचं साल आणि माहितीचं साल सहसा एक नसतं.

आडनावांवरून धर्म ओळखण्याचा मोह टाळा. मतदारयादी घेऊन नावांवरून नमुना काढण्याची पद्धत झटपट असते आणि म्हणूनच फसवी. महाराष्ट्रात पाटील, देशमुख, इनामदार, खोत, चौगुले, दळवी ही आडनावं मुस्लिम घरांतही आहेत. पहिलं नाव बघितलं तरी तडव्यांमध्ये फसगत होते. यादीवरून अंदाज घ्या, खात्री गावात जाऊन करा.

३. कागद कुठे आहेत

इथे थोडा जास्त वेळ द्या. मुस्लिम समाजावरच्या मराठी संशोधनात मुलाखती भरपूर असतात आणि कागद कमी, आणि त्यामुळेच बऱ्याच प्रबंधांत ‘परंपरेनुसार’ या शब्दामागे काहीच नसतं.

मशीद किंवा दर्ग्याचा अभ्यास असेल तर आधी तिची नोंद कुठे आहे ते शोधा. पश्चिम महाराष्ट्र आणि कोकणात अनेक मशिदी-दर्गे १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेले आहेत. मुस्लिम न्यासांचे क्रमांक ‘बी’ने सुरू होतात. मराठवाड्यात वक्फची, म्हणजे धर्मकार्यासाठी कायमच्या राखून ठेवलेल्या मालमत्तेची, व्यवस्था जुनी आहे आणि राज्य वक्फ मंडळाचं मुख्यालयही छत्रपती संभाजीनगरातच आहे. एकाच जागेची नोंद दोन्हीकडे असू शकते किंवा एकीकडेच असू शकते. प्रत्येक मुस्लिम सार्वजनिक न्यास आपोआप वक्फ ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये महाराष्ट्राच्याच प्रकरणात स्पष्ट केलं. पुढे २०२५ मध्ये वक्फ कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. म्हणून प्रत्येक नोंदीसमोर ती कोणत्या तारखेला पाहिली ते लिहा.

धर्मादाय कार्यालयात मागायचा कागद म्हणजे ‘परिशिष्ट एक’चा उतारा. त्यात न्यासाचं नाव, विश्वस्त, उत्तराधिकाराची पद्धत आणि मालमत्ता असते. त्यासोबत ‘चेंज रिपोर्ट’ही मागा. विश्वस्त कधी, कोणाच्या जागी आणि कोणाच्या हरकतीवर बदलले हे त्यात दिसतं. गावातल्या दोन घराण्यांमधली तीस वर्षांची कुरबुर कोणी तोंडाने सांगत नाही, ती या कागदांत तारखेनिशी सापडते.

जमिनीसाठी तलाठ्याकडून सातबारा आणि जुने फेरफार घ्या. ‘देवस्थान इनाम वर्ग ३’ असा शेरा दिसला तर ती दर्ग्याच्या किंवा मशिदीच्या सेवेची जमीन असू शकते, आणि कब्जेदार म्हणून मुजावर, मुलाणी किंवा काझी घराण्याचं नाव सापडतं. मराठवाड्यात याच्या जोडीला निजामकाळातले ‘मुंतखब’ शोधा. इनाम कोणाला, कशासाठी हे त्यात असतं. हे कागद बहुधा उर्दूत असतात. निजामकाळातलं बरंचसं दप्तर आज हैदराबादच्या राज्य अभिलेखागारात आहे. त्यासाठी वेगळी फेरी आणि वेगळा खर्च धरून ठेवा.

मराठेशाहीचे कागद पुण्याच्या पेशवे दप्तरात, कोल्हापूरच्या आणि मुंबईच्या पुराभिलेखागारांत आहेत. ते मोडीत आहेत आणि रुमालांत बांधलेले आहेत. मोडी शिकायला नियमित सराव केला तर चार-सहा महिने लागतात. नुसतं दुसऱ्याने केलेलं लिप्यंतर वापरणार असाल तर प्रबंधात तसं सांगा.

मोडी कागदांत दोन गोष्टी हमखास अडवतात. पहिली शब्दांची. मुसलमानांसाठी ‘अविंध’ हा शब्द येतो, म्हणजे कान न टोचलेले. हा शब्द शोधला नाही तर निम्म्या नोंदी नजरेतून सुटतात. दुसरी तारखांची. पेशवाईतला ब्राह्मण कारकूनसुद्धा तारीख ‘छ १० रजब’ अशी घालतो. ‘छ’ म्हणजे चंद्र, आणि महिना हिजरी. साल बहुधा शुहूर असतं आणि अरबी अंकशब्दांत लिहिलेलं असतं. ‘इहिदे सबैन मया व अलफ’ म्हणजे एक, सत्तर, शंभर आणि हजार, मिळून ११७१. शुहूर साल मृग नक्षत्राच्या सुमारास बदलतं. जून ते डिसेंबरमधल्या तारखेला ५९९ मिळवा, जानेवारी ते मेमधल्या तारखेला ६००. म्हणजे हे साल इसवी १७७०-७१ झालं. एका वर्षाची चूक इथे सर्रास होते आणि पुढच्या प्रत्येक अनुमानात पसरते.

ब्रिटिशकालीन जिल्हा गॅझेटियरं वापरा, पण जपून. त्यांतली जातींची वर्णनं बऱ्याचदा काही मोजक्या माहीतगारांच्या सांगण्यावर बेतलेली असतात. १८८० च्या दशकातलं वाक्य आजच्या समाजाचं वर्णन म्हणून उचलू नका.

कार्यालयात कागद मिळत नसेल तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज करा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर हवा. ‘सर्व माहिती द्यावी’ असं लिहिलं की अर्ज परत येतो. न्यासाचा क्रमांक, वर्ष आणि कागदाचं नाव लिहा.

४. बरोबर ठेवायचे कागद आणि सामान

- विभागाच्या लेटरहेडवर मार्गदर्शकाचं पत्र, मराठीत. उर्दूतली एक प्रतही ठेवा. पत्रावर विभागाचा दूरध्वनी क्रमांक हवा, लोक खरंच फोन करून विचारतात.
- नैतिकता समितीची मान्यता. तुमच्या विद्यापीठात ती कोणत्या टप्प्यावर घ्यायची ते आधी विचारा; क्षेत्रकाम झाल्यावर मिळालेली मान्यता उपयोगाची नाही.
- संमतीपत्रक मराठीत आणि उर्दूत, एका पानाचं, मोठ्या अक्षरात.
- ओळखपत्राच्या झेरॉक्स आणि पासपोर्ट फोटो, अभिलेखागारांसाठी.
- दोन ध्वनिमुद्रण साधनं. एकाच मोबाइलवर विसंबू नका.
- मुस्लिम तारखा छापलेलं भिंतीवरचं मराठी कॅलेंडर.

छात्रवृत्तीचं गणित आधी मांडा. मौलाना आझाद राष्ट्रीय छात्रवृत्ती केंद्र सरकारने २०२२ मध्ये बंद केली. जुनी माहितीपत्रकं अजून फिरत असतात, त्यांवर भरवसा ठेवून वर्षाचा खर्च आखू नका.

५. दिवस आणि वेळ

हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असतं. यंदा उरूस ज्या तारखेला झाला त्याच तारखेला पुढच्या वर्षी पोहोचलात तर उरूस होऊन गेलेला असेल. चंद्रदर्शनामुळे छापील तारीखही एका दिवसाने पुढेमागे होते, म्हणून दोन दिवस आधीच मुक्कामाला जा. संदल (चंदनाची मिरवणूक) उरुसाच्या आदल्या रात्री निघतो आणि मानपानाचं बरंचसं तिथेच दिसतं.

पण सगळे उरूस हिजरीप्रमाणे होत नाहीत. कल्याणजवळच्या हाजी मलंगचा उरूस माघ पौर्णिमेला असतो. गावोगावच्या पिरांचे उरूसही बऱ्याच ठिकाणी मराठी तिथीवर चालतात. कोणतं पंचांग वापरतात, ही स्वतःच एक महत्त्वाची नोंद आहे, ती टिपा.

मुलाखतीसाठी शुक्रवारची दुपार नको. मालेगावात यंत्रमाग शुक्रवारी बंद असतात, तिथे कामगार भेटायचे तर जुम्म्यानंतरची संध्याकाळ चांगली. रमजानमध्ये असर ते मगरिबच्या (दुपारनंतरच्या आणि सूर्यास्ताच्या नमाजांच्या) दरम्यान घरातल्या बायकांना श्वास घ्यायला फुरसत नसते, तेव्हा जाऊ नका. असरची वेळ शाफई मशिदीत हनफींच्या आधी असते. कोकणातून मराठवाड्यात काम हलवलंत तर वेळापत्रक बदला.

६. मुलाखत

पहिल्या दोन-तीन भेटींत वही उघडू नका. सदर किंवा मुतवल्लींना (मशीद-दर्ग्याची व्यवस्था पाहणाऱ्यांना) भेटा, पत्र दाखवा, चहा घ्या, विषय सोप्या शब्दांत सांगा. मग त्यांच्या ओळखीपलीकडे जा. फक्त सदरांनी सुचवलेल्या माणसांशी बोललात तर गावाचा एकच आवाज हाती लागतो. भाडेकरू, बाहेरून आलेले कारागीर, पेश इमाम (हे बहुधा दुसऱ्या जिल्ह्यातले किंवा राज्यातले असतात), फकीर घराणी आणि सुना यांच्यापर्यंत पोहोचण्यासाठी वेगळा रस्ता शोधा. पुरुष संशोधकाला घरातल्या स्त्रियांशी एकट्याने बोलता येत नसेल, तर स्त्री सहकारी घ्या. नवऱ्याने बायकोच्या वतीने दिलेली उत्तरं ‘स्त्रियांचं मत’ म्हणून मांडू नका.

‘कागदावर सही करा’ म्हटलं की चेहरे बदलतात. २०१९-२० मध्ये नागरिकत्वाच्या वादानंतर यादी, सही आणि आधार क्रमांक या तीन शब्दांची धास्ती अनेक वस्त्यांत बसली. तोंडी संमती ध्वनिमुद्रित करण्याची सोय नैतिकता समितीकडून आधीच मंजूर करून घ्या. आधार क्रमांक, जन्मस्थळाचा पुरावा आणि कागदपत्रांचे फोटो मागूच नका. संशोधनाला त्यांची गरज नसते.

प्रश्नांचा क्रम कामापासून सुरू करा : धंदा, शाळा, स्थलांतर, घर. धर्म नंतर येऊ द्या. तोंडी तलाक, बुरखा, लोकसंख्या हे प्रश्न तुमच्या विषयाचे नसतील तर विचारू नका. वर्षानुवर्षं बाहेरून येणारा प्रत्येक माणूस या लोकांना तेच विचारत आला आहे. तुम्हीही विचारलंत की तयार, घोटीव उत्तर मिळतं आणि पुढचं बोलणं बंद होतं.

एक तासाच्या मुलाखतीचं शब्दशः टंकलेखन करायला सहा ते आठ तास लागतात, दखनी मिसळलेली असेल तर जास्तच. ते त्याच आठवड्यात करा. ‘काजी’ लिहायचं की ‘काझी’, ‘उरूस’ की ‘उर्स’, याचा तक्ता पहिल्याच दिवशी करून भिंतीवर लावा. बोलणाऱ्याचे शब्द प्रमाण मराठीत दुरुस्त करू नका.

७. सामायिक श्रद्धास्थानांचा अभ्यास

इथे ‘हिंदू-मुस्लिम ऐक्याचं प्रतीक’ हा निष्कर्ष घरून नेऊ नका. सांगली जिल्ह्यातल्या कडेगावच्या मोहरमला हिंदू घराण्यांचेही ताबूत असतात, हे खरं आणि महत्त्वाचं आहे. पण संशोधन त्यापुढे सुरू होतं. पहिला मान कोणाचा? खांदा कोण देतं? वर्गणी कोणाकडून घेतात आणि कोणाकडून नाही? मातंग वस्तीतल्या वाजंत्र्याला जेवण कुठे वाढतात? स्त्रिया कुठपर्यंत जातात? दर वर्षी तेच लोक असतात का? असे पंधरा-वीस प्रश्न कागदावर घेऊन उभे राहा आणि दिसेल ते लिहा. सलग दोन वर्षं पाहिल्याशिवाय ‘प्रथा’ हा शब्द वापरू नका.

ज्या जागांवर वाद चालू आहे तिथे नावसुद्धा बाजू घेतं. ‘हाजी मलंग’ म्हटलं की एक बाजू, ‘मलंगगड’ म्हटलं की दुसरी. बोलणाऱ्याने जे नाव वापरलं तेच त्याच्या अवतरणात ठेवा आणि स्वतःच्या मजकुरात कोणतं नाव का वापरलं ते पहिल्या प्रकरणात सांगा. प्रकरण न्यायालयात असेल तर दोन्ही पक्षांचे अर्ज वाचा. तणावाच्या दिवसांत मुलाखती थांबवा. त्या दिवशी बोललेलं वाक्य बोलणाऱ्याला वर्षभर पुरतं.

८. माणसं झाकणं

नाव बदललं म्हणजे ओळख लपली असं नाही. ‘तालुक्यातील पहिली मुस्लिम महिला वकील’ असं लिहिलंत की सगळा तालुका ओळखतो. वय पाच वर्षांच्या गटात द्या, व्यवसाय थोडा व्यापक करा, गरज पडली तर एका व्यक्तीची माहिती दोन टोपणनावांत विभागा आणि तसं केल्याचं पद्धतीच्या प्रकरणात नमूद करा. प्रसिद्ध दर्गा लपवता येत नाही, तिथे माणसांना जास्त झाका. ध्वनिफिती व्हॉट्सअॅपवर पाठवू नका. मोबाइलच्या फोटोत ठिकाणाची नोंद राहते, ती सोय आधीच बंद करा. खरी नावं आणि टोपणनावं यांची यादी मुलाखतींपासून वेगळ्या जागी कुलपात ठेवा.

९. लिहायला बसताना

पहिलं प्रकरण सातव्या शतकातल्या अरबस्तानात सुरू करू नका. मराठी प्रबंधांत हे फार होतं. इस्लामचा उदय, दिल्लीची सल्तनत, बहामनी, मोगल, आणि स्वतःचं क्षेत्र दीडशेव्या पानावर. परीक्षकाला तो इतिहास माहीत असतो, आणि त्या मांडणीतून तुमच्या गावातला मुलाणी कुठूनतरी बाहेरून आल्यासारखा दिसायला लागतो. तो गावच्या बलुतेदारीत पिढ्यान्‌पिढ्या आहे. सुरुवात त्याच्या वतनापासून करा.

मराठीतली आधीची परंपराही नीट वाचा. समाजसुधारक हमीद दलवाई यांनी १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केलं. १९९० मध्ये सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झालं. दोन्हींची दिशा वेगळी आहे, त्यांच्यात मतभेद आहेत. एकालाच ‘मुस्लिमांचा खरा आवाज’ ठरवणं सोपं असतं आणि चूक असतं. पूर्वीचे प्रबंध शोधगंगेवर (प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात) मिळतात. ‘मुस्लिम’, ‘मुसलमान’, ‘इस्लाम’, ‘अल्पसंख्याक’ आणि जातीचं नाव अशा पाच वेगळ्या शब्दांनी शोधा, कारण नावनोंदणीत एकसारखेपणा नाही.

प्रबंध जमा करण्याच्या तीन महिने आधी क्षेत्राबद्दलच्या प्रकरणांचा पाच-सहा पानी मराठी सारांश करा आणि ज्यांनी वेळ दिला त्यांना वाचून दाखवा. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्याकडे बसून मोठ्याने वाचा. नात्यांच्या, जमिनीच्या आणि तारखांच्या चुका तिथेच कळतात. ज्या दुरुस्त्या पटल्या त्या करा. ज्या पटल्या नाहीत त्या हरकतीसकट तळटीपेत नोंदवा. प्रबंध मान्य झाला की एक बांधलेली प्रत गावच्या वाचनालयात आणि एक जमातीच्या कार्यालयात द्या, पोहोच घेऊन.